पोरगी शिकायला चाललीय, तिची पाठवणी कशी करायची?

सातरस्ता (रविवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमची मोठी शुक्रवारी पुण्याला चाललीय. इंजिनिअरिंगला नंबर लागला, हॉस्टेल मिळालं, गादी उशी बादली घेऊन झाली, हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट पण काढून ठेवलंय. सोलापुरात ह्यात काय नवीन म्हणाल, दर घरातलं एक तरी लेकरू पुण्याला असतंच की आपल्याकडं. पण परवा आमची आई ट्रंक उघडून बसलेली, त्यातनं तिनं एक जुना खण काढला आणि मला विचारलं, "ओटी भरायची ना रे पोरीची? पाठवणी हाय तिची." मी म्हणलं आई लग्न नाहीये, शिकायला चाललीय. तर आई म्हणते, "घरातनं चाललीय का नाही? आता येईल ती सुट्टीला येईल, पाहुण्यासारखी." मला त्यावर काही बोलताच येईना. तिथंच ट्रंकेपाशी बसून राहिलो.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. ती झाली तेव्हा पाचव्या दिवशी आईनं सटवीची पूजा मांडली, कोरा कागद आणि पेन ठेवलं, नशीब लिहायला सटवाई येते म्हणून. बाराव्या दिवशी बारसं, घुगऱ्या, आत्यानं कानात कुर्रर्र केलं. मग मामाच्या हातनं उष्टावण, मामाच्याच मांडीवर जावळ, संक्रांतीला हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण. म्हणजे पहिल्या दीड-दोन वर्षांत सगळं होऊन गेलं जेव्हा तिला स्वतःला काहीच कळत नव्हतं, आणि आता जेव्हा सगळं कळतंय तेव्हा एकदम लग्नापर्यंत काहीच नाही. न्हाण आलं तेव्हा पूर्वीसारखं मखरात बसवायला तिच्या आईला नको होतं, मलाही नको होतं. मुंज आमच्यात नाही, आणि असती तरी ती पोराची.

आणखी एक सांगतो. १९९६ ला मी स्वतः पुण्याला गेलो तेव्हा वडील एसटी स्टँडवर सोडायला आलेले. पाऊण तास आम्ही दोघं उभे होतो. ते एसटीच्या टायरकडं बघत होते. मग म्हणाले पोचल्यावर पत्र टाक, आणि गाडी सुटायच्या आधीच ड्युटीला निघून गेले. त्यांना त्या दिवशी काय वाटत होतं, आनंद का काळजी का दोन्ही, मला आजपर्यंत माहीत नाही, आणि आता विचारायला ते नाहीत. मला शुक्रवारी तसं टायरकडं बघत उभं राहायचं नाहीये.

तर मोठी पूजा, भटजी, हॉल असलं काही नको. पण तुमच्याकडं, तुमच्या समाजात, आजी-आजोबांच्या वेळी असं काही होतं का, लेकरू घरातनं मोठं होऊन बाहेर पडतं तेव्हाचं? ते सांगा.

बाळीवेस_अण्णा (रविवार, रात्री ११.१५)

आधी अभिनंदन. आमच्याकडं एवढंच, देवापुढं दिवा, हातावर दही-साखर, आणि "जाते" नाही म्हणायचं, "येते" म्हणायचं. सिद्धेश्वराच्या देवळात नेऊन आणा, तळ्याकाठी पाच मिनिटं बसा. बाकी मोठी मंडळी सांगतील.

पूर्वभाग (सोमवार, सकाळी ७.५०)

दादा, मी पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातली, माहेर-सासर दोन्ही सोलापूरच्या पूर्व भागातच. न्हाणाचं तुम्ही एका ओळीत उरकलंत म्हणून मुद्दाम लिहितेय, कारण आमच्यात ते अजून होतं. तेलुगूत मुलगी वयात आली की म्हणतात "पेद्दमनिषी" झाली, म्हणजे मोठी माणूस झाली. शब्द बघा किती छान आहे, मोठी बाई नाही, मोठी माणूस.

पण माझं झालं ते सांगते. मी तेव्हा सातवीत. घरातल्या एका कोपऱ्यात वेगळी चटई, वेगळं ताट, शाळा बंद, मैत्रिणींना भेटायचं नाही, भावाकडं बघायचं नाही. त्याच दिवसांत मला तीळ-गुळाचे लाडू, सुकं खोबरं, तूप असं खाऊ घालत होत्या, आजी रोज अंगाला हळद लावायची, शेजारच्या बायका येऊन गाणी म्हणायच्या. शेवटी न्हाऊ घालून नवी साडी, आणि अख्ख्या गल्लीसमोर पाटावर बसवलं. मला दोन्ही आठवतं. कोपरा आठवला की अजून छातीत दुखतं, मी काय गुन्हा केला होता असं वाटायचं. आणि आजीचा हळदीचा हात आठवला की वाटतं तेवढं प्रेम मला परत कुणी केलं नाही.

माझ्या मुलीच्या वेळी मी कोपरा काढून टाकला आणि हळद ठेवली. शाळा एक दिवस बुडाली नाही. रविवारी पाच बायका बोलावल्या, ज्यांच्यावर तिचा जीव आहे अशा, त्यात तिच्या गणिताच्या बाई पण होत्या, लाडू खाल्ले, प्रत्येकीनं आपापल्या वेळचं तिला खरं खरं सांगितलं. सासूबाई आधी रुसलेल्या, नंतर सगळ्यात जास्त त्याच बोलल्या. तुम्ही नको म्हणालात ते बरोबर आहे पण सगळंच नको असं नसतं हो.

कोंतमचौक (सोमवार, दुपारी १.०५)

मी लिंगायत. आमच्याकडं बाळाला लहानपणीच जंगम, म्हणजे आमचे पुरोहित, येऊन लिंग बांधतात, आणि ते मुलगा-मुलगी दोघांनाही. पुढं दीक्षा पण दोघांना. बसवण्णा आणि शरणांनी बाराव्या शतकात पंचसूतकं नाकारली, म्हणजे जन्माचं सूतक नाही, मरणाचं नाही, पाळीचं विटाळ नाही. गळ्यात लिंग आहे त्याला विटाळ कसला. आता खरं सांगायचं तर आमच्याच कित्येक घरांत हे पाळत नाहीत, बाई चार दिवस देवघरात जात नाही, आणि विचारलं तर म्हणतात पूर्वीपासून हाय. पूर्वीपासून तर उलट हाय.

माझे आजोबा गेले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमच्यात दहन नाही, बसवून समाधी देतात. मला सगळ्यांनी घरात थांब म्हणलेलं, पण काकांनी हात धरून नेलं आणि माझ्या हातनं विभूती टाकायला लावली. त्या दिवशी मी लहान राहिलो नाही. कुणी तसं बोललं नाही, पण घरी आल्यावर आजीनं माझ्यापुढं मोठ्यांचं ताट ठेवलं, वाटी-चमचा नाही. एवढ्यावरनं कळलं.

साधाविचार (सोमवार, रात्री ९.२०)

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. आहेत ते विधी कमी करायचं सोडून तुम्ही नवीन काढायला निघालात. माझ्या भावाच्या लग्नाचं कर्ज आम्ही सहा वर्षं फेडलं, त्यात आईचे दागिने गेले. डोहाळजेवणाला आता फोटोग्राफर लागतो, बारशाला हॉल लागतो, पहिल्या वाढदिवसाला स्टेज लागतं. आज तुम्ही घरात चार माणसांत कराल, दहा वर्षांनी "कॉलेज पाठवणी" म्हणून पॅकेज निघेल आणि ज्याला परवडत नाही त्याची पोरगी खाली मान घालून जाईल. हे पैसे तिच्या खात्यावर टाका. पुण्यात महिन्याला मेसचं बिल किती येतं माहितेय का.

जुनी_चाळ (सोमवार, रात्री १०.०२)

साधाविचार, कर्जाचं बरोबर हाय तुमचं, मी पण भोगलंय. पण विधी नसला की काय होतं ते पण ऐका.

आमचे वडील मिलमध्ये. सोलापुरात पहिली मिल १८७७ ला निघाली, तेव्हापासून ह्या गावाचं घड्याळ म्हणजे मिलचा भोंगा. मिलमध्ये पोरगं आधी बदलीवर लागायचं. रोज गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असलं तर काम, नाहीतर घरी. अशी वर्षं जायची. मग ज्या दिवशी कायम व्हायचा त्या दिवशी अख्ख्या चाळीत पेढे. वडील सांगायचे, कायम झालो त्या दिवशी खात्यातल्या म्हाताऱ्या कामगारानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणला आता तू आमच्यातला. लग्नाचं त्यांनी एवढं कधी सांगितलं नाही जेवढं हे सांगायचे. आणि रिटायर होणाऱ्याला हार घालून, हलगी लावून, गुलाल उधळत घरापर्यंत आणायचे, मी लहानपणी त्या मिरवणुकीत नाचलोय.

वडिलांची मिल बंद पडली. एक दिवस गेटला कुलूप. हार नाही, हलगी नाही, हिशेब पण पुढं किती वर्षांनी तुकड्या-तुकड्यानं मिळाला. वडील त्यानंतर कितीतरी महिने पहिल्या पाळीच्या वेळेला उठून, अंघोळ करून, डबा मागायचे. आई काही न बोलता डबा भरून द्यायची. ते कंबर तलावाकडं जाऊन बसायचे आणि डबा खाऊन परत यायचे. शेवटपर्यंत ते कामगार पण नव्हते आणि रिटायर पण नव्हते, मधेच कुठंतरी अडकून राहिले. त्यांना कुणी सोडवायलाच आलं नाही.

एक हार किती रुपयाचा असतो हो? पैशाचा प्रश्नच नाही हा.

साधाविचार (सोमवार, रात्री १०.३०)

जुनी_चाळ, वाचून गप्प झालो. माझे चुलते पण मिलमध्येच होते. मी माझं सगळं मागं घेत नाही, पण हाराचं मान्य.

मास्तर_निवृत्त (मंगळवार, सकाळी ६.१५)

जुनी_चाळ यांनी "मधेच अडकून राहिले" असं लिहिलंय, त्यावर मला लिहायलाच पाहिजे. १९०९ साली आर्नोल्ड व्हॅन जेनेप नावाच्या अभ्यासकानं जगभरच्या अशा विधींचा एकत्र विचार करून सांगितलं की सगळीकडं तीन टप्पे दिसतात. आधी माणसाला जुन्या जागेवरनं वेगळं काढायचं, मग काही काळ मधे ठेवायचं, आणि शेवटी नव्या जागी सामावून घ्यायचं. मधल्या टप्प्याला त्यानं उंबरठ्याच्या लॅटिन शब्दावरनं नाव दिलं. आपल्याकडं नवी नवरी माप ओलांडते ते अक्षरशः उंबरठ्यावरच की. पुढं व्हिक्टर टर्नरनं आफ्रिकेत, आत्ताच्या झांबियातल्या एन्डेम्बू लोकांत राहून ह्या मधल्या अवस्थेवर खूप लिहिलं. तिथं माणूस ना इकडचा ना तिकडचा, त्याचं पद, नाव, कपडे सगळं काढून घेतलेलं, आणि त्यामुळंच तिथं असणारे सगळे एकमेकांच्या बरोबरीचे होतात. यात्रांबद्दल लिहिताना टर्नरनं इरावती कर्वेंच्या वारीवरच्या लेखाचा आधार घेतलाय. म्हणजे आपल्या पंढरपूरच्या वाटेवरचं निरीक्षण त्या विचारात जाऊन बसलंय, आपल्याच जिल्ह्यातलं. वारकरी होताना गळ्यात तुळशीची माळ घालतात तो पण असाच विधी, आणि त्याला जात, वय, बाई-पुरुष काही आडवं येत नाही.

आता सातरस्ता यांच्या प्रश्नाकडं येतो. तुम्ही विचारलंत लेकरू शिकायला घर सोडतं त्याचा विधी आहे का. अहो आहे, आणि त्याचंच नाव मुंज. उपनयन म्हणजे जवळ नेणं, गुरूच्या जवळ. मूळात तो घर सोडून शिकायला जायचाच विधी. म्हणून तर त्यात मातृभोजन आहे, आईच्या ताटात आईबरोबर शेवटचं जेवण, मग मुंडण, लंगोटी, दंड, आणि भिक्षा, आणि पहिली भिक्षा आईच वाढते. शिकून परत आल्यावर समावर्तन, ज्याला आपण सोडमुंज म्हणतो. गृह्यसूत्रांत, म्हणजे घरच्या विधींच्या जुन्या ग्रंथांत, वय पण सांगितलंय, आठ, अकरा, बारा, वर्णाप्रमाणं. आता काय होतं बघा, मुंज होते तो मुलगा दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच घरात झोपून उठतो, कुठंच जात नाही. आणि जी मुलगी खरोखर दंड-कमंडलू, म्हणजे बादली-गादी घेऊन निघालीय तिच्यासाठी विधी नाही. शूद्र म्हणून ज्यांना नाकारलं त्यांच्यासाठी पण नाही. हारीत ह्या जुन्या धर्मशास्त्रकाराच्या नावावर एक वचन आहे, त्यात ब्रह्मवादिनी, म्हणजे वेद शिकणाऱ्या, स्त्रियांना उपनयन सांगितलंय, म्हणजे कधीतरी कुणाला तरी हे सुचलं होतं, मग दार बंद झालं.

पारशांमध्ये नवजोत, म्हणजे धर्मदीक्षेचा विधी, मुलगा-मुलगी दोघांचा होतो, सदरा आणि कुस्ती, म्हणजे कमरेला बांधायचा पवित्र दोरा, दोघांना. कुस्तीला बहात्तर धागे, त्यांच्या यस्ना ह्या धर्मग्रंथाच्या बहात्तर अध्यायांचे. ज्यू मुलगा तेरा वर्षांचा झाला की सिनॅगॉगमध्ये सगळ्यांसमोर तोरा हा त्यांचा धर्मग्रंथ वाचतो, तिथून पुढं आपल्या वागण्याची जबाबदारी त्याची स्वतःची. जपानमध्ये तर मुलं सज्ञान झाल्याची सरकारी सुट्टीच आहे, १९४८ पासून, पूर्वी १५ जानेवारीला, आता जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी. म्हणजे आपल्याकडं सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरलेला असतो त्याच सुमाराला तिकडं वीस वर्षांची मुलं-मुली ठेवणीतले कपडे घालून नगरपालिकेच्या कार्यक्रमाला जातात. २०२२ ला कायद्यानं सज्ञान व्हायचं वय तिथं वीसवरनं अठरा झालं, तरी बऱ्याच गावांनी सोहळा विसाव्यालाच ठेवला.

सगळंच चांगलं असतं असं मात्र नाही. दक्षिण आफ्रिकेत खोसा मुलांच्या सुंतेच्या विधीत कित्येक मुलं दगावलीत. मुलींच्या बाबतीत जगात काय काय केलं जातं ते इथं लिहवत नाही.

नईजिंदगी (मंगळवार, दुपारी ३.४५)

अस्सलाम आणि नमस्कार सगळ्यांना. सर, किती छान लिहिलंत.

आमच्याकडं सातव्या दिवशी अकीका होतो, बाळाचे केस काढून त्या वजनाची चांदी दान करतात. मग बिस्मिल्लाह, चार वर्षं चार महिने चार दिवसांचं मूल झालं की त्याला पहिला धडा देतात, मला माझ्या नानांनी दिलेला, मी मांडीवर बसून त्यांच्या दाढीशी खेळत होते म्हणे. आणि निकाहात मुलीला विचारतात, साक्षीदारांसमोर, कबूल आहे का. ती हो म्हणाल्याशिवाय पुढं काही नाही.

पण दादा तुम्हाला जे पाहिजे ते वेगळंच आहे आणि ते आमच्याकडं आहे. इमाम जामिन. कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की एक नाणं कापडात गुंडाळून उजव्या दंडाला बांधतात. वाटेत सांभाळ कर म्हणून. आणि सुखरूप पोचलं की ते सोडून तिथल्या गरजूला द्यायचं. मी डीएड करायला लातूरला निघाले तेव्हा अम्मीनं बांधलेलं, हिरव्या कापडात. बसमध्ये सारखा हात तिथं जायचा. तिथं पोचले, रूमवर एकटी, रडायला येत होतं, पण ते नाणं द्यायचं होतं म्हणून बाहेर पडावं लागलं. परक्या गावात पहिलं काम मी काय केलं तर कुणाला तरी काहीतरी दिलं. घाबरायला वेळच मिळाला नाही. अम्मीला हे माहीत असणार असं मला आता वाटतं.

बांधा तुम्ही पण. कापड मी देईन, खरंच सांगतेय, व्यनि (खाजगी निरोप) करा.

बुधवारपेठ (मंगळवार, रात्री ९.१०)

मास्तर म्हणाले दार बंद झालं, तर दार बंद असताना लोकांनी काय केलं ते पण धाग्यात यायला पाहिजे. फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, भटजीशिवाय, आणि मंगलाष्टकं मराठीत म्हणजे नवरा-नवरी एकमेकांना काय वचन देताहेत ते दोघांनाही कळेल अशी.

आणि १४ ऑक्टोबर १९५६. माझे आजोबा सोलापुरातनं नागपूरला गेले होते, पांढरे कपडे उसने घेऊन. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, लाखो माणसांनी एका आवाजात म्हणल्या. आजोबा सांगायचे, जाताना गाडीत आम्ही दाराशी बसलो होतो आणि येताना बाकावर. कुणी सांगितलं नव्हतं बाकावर बसा म्हणून. आमच्या घरात कुठलंही मोठं काम असलं की त्रिशरण-पंचशील घेतात आणि मग आजोबांची ही गोष्ट कुणीतरी सांगतं. आम्हा सगळ्या भावंडांना शिकायला जाताना तीच गोष्ट सांगून पाठवलं. तुमच्याकडं पण एक गोष्ट आहेच की दादा, एसटी स्टँडवरची. ती सांगितलीय का कधी पोरीला?

करमाळ्याची_लेक (बुधवार, सकाळी ११.३०)

थोडं विषयाच्या कडेनं जातेय. माझी मावशी चाळीसची असताना काका गेले. दहाव्याला बायकांनी तिच्या बांगड्या दगडावर ठेवून फोडल्या, काच मनगटात घुसली, कुंकू पुसलं, आणि हे सगळं तिच्या दोन मुलांच्या समोर. तो पण विधीच होता ना. माणसाला एका जागेवरनं उचलून दुसऱ्या जागी बसवणारा, मास्तर म्हणतात तसा. फक्त बसवायची जागा खालची. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांचे हे प्रकार बंद करायचा ठराव केला, मग सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनी पण करा असं परिपत्रक काढलं. त्या कामात पुढाकार आमच्या करमाळ्याच्या संस्थेचा होता, ह्याचा मला फार आनंद आहे.

सांगायचं एवढंच की जो विधी कराल त्यात तिला विचारा. माझ्या मावशीला कुणी विचारलं नव्हतं.

बाळीवेस_अण्णा (बुधवार, दुपारी १२.१०)

ताईंचं वाचून मला आपला संमती कट्टा आठवला. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, सिद्धरामेश्वरांची यात्रा म्हणजे एक लग्नच हाय. कुंभाराच्या कन्येनं त्यांच्याशीच लग्न करायचं म्हणून हट्ट धरला, तर त्यांनी आपला योगदंड दिला, त्याच्याशी लग्न लाव म्हणाले. आजही पहिल्या दिवशी सात नंदीध्वज निघतात आणि अडुसष्ट लिंगांना तेल लावतात, ती हळद समजा. भोगीला संमती कट्ट्यापाशी अक्षता, संक्रांतीला होम मैदानावर होम. अक्षतेला अख्खं सोलापूर तिथं असतं, बाराबंदी घातलेले मानकरी, कन्नड, तेलुगू, मराठी सगळे. संमती वाचतात, "दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम" म्हणलं की लाखभर हात एकदम वर जातात. मी पन्नास वर्षं टाकतोय अक्षता पण त्या कट्ट्याला संमती का म्हणतात ह्याचा आज नीट विचार केला. नुसतं लग्न लागून भागत नाही, सगळ्यांनी हो म्हणावं लागतं.

नवी_सभासद_१८ (बुधवार, रात्री ११.५५)

नमस्कार. मी धागाकर्त्याची मुलगी. बाबांचा फोन आजीजवळ होता, आजीनं मला वाचून दाखवायला सांगितलं. आम्ही दोघींनी सगळं वाचलं, दोन तास लागले, मधे आजी दोनदा रडली.

बाबा, तुम्ही तीन दिवस सगळ्या सोलापूरला विचारताय आणि मला नाही विचारलं. रागावले नाहीये. पण करमाळ्याच्या मावशी म्हणतात ते बरोबर आहे म्हणून इथंच सांगते.

ओटी मला नको होती, कारण ओटीचा अर्थ मला माहितेय आणि मी त्यासाठी चालले नाहीये. पण आजी म्हणाली तिच्या आईनं हा खण तिला दिला तेव्हा तिची शाळा चौथीत बंद करून लग्न लावलं होतं, आणि तिला तो मला शिकायला जाताना द्यायचाय. मग मी घेणार. ओटीत नाही, हातात. त्याचं मी पेन ठेवायचं पाउच शिवून घेणार आहे आणि आजीला चाललंय.

दुसरं, जे कराल ते दोन वर्षांनी छोट्या निघेल तेव्हा त्याचं पण करायचं, त्याला पण रडू द्यायचं.

तिसरं, एसटी स्टँडची गोष्ट मला माहीत नव्हती. मला वाटायचं आजोबा तुमच्याशी खूप बोलायचे. तुम्हाला काय वाटतंय ते मला गाडी सुटायच्या आधी सांगा.

पूर्वभाग (गुरुवार, सकाळी ६.४०)

बाळा, तू खरंच पेद्दमनिषी आहेस.

नईजिंदगी (गुरुवार, सकाळी ८.०५)

दादा, व्यनि मिळाला. चार वाजता शाळा सुटली की येते सात रस्त्याला. हिरवं कापड आणतेय.

सातरस्ता (शुक्रवार, दुपारी १.२०)

सगळ्यांना सांगायचं कबूल केलं होतं म्हणून लिहितोय, झोप नाही झालेली, चुका समजून घ्या.

काल संध्याकाळी घरात आम्ही पाच, शेजारची दोन घरं, तिची एक मैत्रीण, आणि नईजिंदगी ताई. ताई आमच्याकडं पहिल्यांदाच आल्या आणि येताना शिरखुर्मा घेऊन आल्या, आईनं त्यांना शेंगाचटणी बांधून दिली. खर्च म्हणाल तर साधाविचारांना सांगतो, दीडशे रुपयाच्या आत.

मास्तरांनी सांगितलं तसं आधी मायलेकी एका ताटात जेवल्या. कडक भाकरी, शेंगाची आमटी आणि दही. बायको सकाळपासून चिडचिड करत होती, बॅगेत हे राहिलं ते राहिलं, आणि ताटाशी बसल्यावर एकदम गप्प झाली, तिनं पहिला घास पोरीला दिला आणि पोरीनं तिला. खोलीत कुणी काही बोलत नव्हतं. मग आईनं खण दिला. म्हणाली, "मला चौथीतनं काढलं. माझं राहिलेलं पण शिक." मी आईच्या तोंडून हे वयाच्या सत्तेचाळीसाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं.

अण्णांचं ऐकून प्रत्येकाच्या हातात मूठभर अक्षता दिल्या होत्या. आधी तिला विचारलं, जायचंय ना तुला. ती हो म्हणाली. मग आम्हाला तिनं विचारलं, जाऊ का. सगळ्यांनी हो म्हणून टाकल्या. छोट्यानं सगळ्यात जोरात टाकल्या आणि आत पळाला, बराच वेळ बाहेर आलाच नाही. ताईंनी दंडाला नाणं बांधलं.

मला तेव्हा काही बोलता आलं नाही. खूप ठरवलं होतं, आलंच नाही.

पहाटे स्टेशनवर मात्र बोललो. प्लॅटफॉर्मवर हुतात्मा लागलेली, माझी नजर सारखी खाली चाकाकडं जायला लागली आणि माझ्या ध्यानात आलं मी काय करतोय ते. मग तिच्याकडं बघून सांगितलं. मला भीती वाटतेय, आणि मला तुझा फार अभिमान वाटतोय, आणि घरात उद्यापासनं तुझा आवाज नसणार हे मला सहन होईल का माहीत नाही, तरी पण तू जा. सगळं एका दमात बोललो, नीट जमलं का नाही माहीत नाही. ती म्हणाली, "बाबा, आजोबांना पण हेच वाटत असणार." गाडी सुटली. मी डबा दिसेनासा होईपर्यंत तिथंच होतो.

आत्ता मेसेज आलाय, तसाच टाकतोय.

"पोचले. रूम तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली गेटजवळ एक आजी भाजी विकतात, त्यांना नाणं दिलं. त्या घेईनात, म्हणाल्या भाजी घे मग. म्हणून मेथीची जुडी घेऊन आलेय, आता हिचं काय करू ते आईला विचारून सांगा."